'शांततेत पार पडले' म्हणजे नेमकं काय झालं? : आशुतोष वार्ष्णेय यांचं पुस्तक भिवंडीहून वाचताना

शांतता आणि संघर्ष या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेणारे किंवा पेटची तयारी करणारे विद्यार्थी संशोधन आराखडा लिहायला बसतात, तेव्हा विषयांची यादी साधारण ठरलेली असते. काश्मीर, ईशान्य भारत, नक्षलवाद, इस्राएल-पॅलेस्टाईन आणि आता युक्रेन. विषय महत्त्वाचे आहेत, यात वाद नाही. पण असे आराखडे बारकाईने वाचून बघा. पहिली चार प्रकरणं हिंसेवर असतात. शांतता येते ती शेवटच्या प्रकरणात, 'उपाययोजना व शिफारसी' या मथळ्याखाली, दीड-दोन पानांत. ज्या गोष्टीच्या नावाने आपण पदवी घेणार, तिला आपल्या प्रबंधात राहायला जागाच नसते.

याचं एक साधं कारण आहे. हिंसा घडते, म्हणून तिची नोंद होते. एफआयआर असतो, बातमी असते, चौकशी आयोगाचा अहवाल असतो. शांततेची नोंद काय? 'मिरवणूक शांततेत पार पडली' हे वर्तमानपत्रातलं एक वाक्य. त्या एका वाक्यामागे किती बैठका झाल्या, कोणी कोणाला फोन केला, कोणी माघार घेतली, कोण घाबरून घरात बसलं, यातलं काहीही छापून येत नाही. संशोधकाचं काम त्या वाक्याच्या मागे जायचं आहे.

हे काम कसं करायचं, याचा धडा ज्या पुस्तकातून मिळतो ते म्हणजे आशुतोष वार्ष्णेय यांचं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ'. शांतता अभ्यासाच्या बहुतेक वाचनयाद्यांत ते सापडेल. परीक्षेसाठी त्याचा सारांश पाठ करणारे पुष्कळ. या लेखात आपण ते जरा वेगळ्या पद्धतीने वाचू. पुस्तकाचं म्हणणं समजून घेऊ, ते भिवंडीवर लावून बघू, आणि कुठे टिकतं, कुठे ताणलं जातं ते पाहू. साहित्याचा आढावा लिहिताना नेमकं हेच करायचं असतं.

पुस्तकाचं म्हणणं काय?

वार्ष्णेय यांचा प्रश्न सोपा आहे. हिंदू-मुस्लिम वस्ती भारतभर आहे, मग दंगली ठराविक शहरांतच वारंवार का होतात? १९५० ते १९९५ या काळातल्या बातम्यांवरून त्यांनी आणि स्टीव्हन विल्किन्सन यांनी दंगलींची मोठी सूची केली. तिच्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, मोजक्या आठ शहरांत देशातल्या शहरी दंगल-मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू झाले होते. दुसरी, देशातली बहुसंख्य माणसं खेड्यांत राहत असूनही अशा मृत्यूंमध्ये खेड्यांचा वाटा चार टक्क्यांहून कमी होता.

मग त्यांनी शहरांच्या तीन जोड्या लावल्या. अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. प्रत्येक जोडीत मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर दंगलींचं आणि दुसरं बहुतांशी शांत. पुस्तकाची खरी ताकद या मांडणीत आहे. फक्त अलीगडचा अभ्यास केला असता, तर तिथे सापडलेली प्रत्येक गोष्ट दंगलीचं कारण वाटली असती: गरिबी, अफवा, राजकारण, जुन्या जखमा. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कालिकतमध्येही आहेत असं दिसलं, की ती कारणं आपोआप गळून पडतात. तुमच्या आराखड्यात फक्त हिंसा झालेलं गाव असेल, तर मार्गदर्शकांचा पहिला प्रश्न हाच असायला हवा: 'न झालेलं गाव कुठे आहे?'

वार्ष्णेय यांचं उत्तर असं. दोन समाजांतले रोजचे संबंध, म्हणजे शेजार, सणावाराला येणं-जाणं, मुलांनी एकत्र खेळणं, हे खेड्यात पुरतं. शहरात ते पुरत नाही. तिथे लागतात दोन्ही समाजांच्या सामायिक संघटना: व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, पक्षांच्या शाखा. अफवा आली की या संघटना ती तपासतात, आणि दंगल पेटवू पाहणाऱ्या पुढाऱ्याला अडवतात, कारण दंगल झाली तर त्यांच्या सभासदांचं नुकसान होतं. कालिकतमध्ये त्यांनी विचारलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोकांनी दोन्ही समाज अनेकदा एकत्र जेवतात असं सांगितलं, अलीगडमध्ये ५४ टक्क्यांनी. अलीगडमध्येही संघटना होत्या, पण त्या आपापल्या समाजापुरत्या. ताण वाढला की त्या आपल्याच गल्लीवर पहारा द्यायच्या, आणि त्या पहाऱ्यातूनच भीती आणखी पसरायची.

आता भिवंडीकडे

ठाणे जिल्ह्यातलं यंत्रमागांचं हे शहर. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे मोठी दंगल झाली, जळगाव आणि महाडलाही तिचे पडसाद उमटले. न्या. दि. प. मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल. म्हणजे वार्ष्णेय यांच्या हिशोबाने हे 'दंगलप्रवण' शहर.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार ९०० माणसं मेली. शेजारची भिवंडी मात्र शांत राहिली. दोन मोठ्या दंगलींचा इतिहास असलेलं शहर, मुंबईपासून इतक्या जवळ, आणि तरीही शांत. या घटनेचं श्रेय साधारणपणे दिलं जातं ते १९८८ च्या सुमारास तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी सुरू केलेल्या मोहल्ला समित्यांना. मुंबई का जळाली आणि भिवंडी का नाही, हा प्रश्न खोपडे यांनी पुढे आपल्या पुस्तकाचाच विषय केला.

या समित्यांचं वेगळेपण समजून घ्या. शांतता कमिटी आपल्याकडे नवी नाही. गणेशोत्सव, मोहरम, ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात बैठक होते, ठराविक प्रतिष्ठित मंडळी येतात, चहा होतो, सहकार्याचं आवाहन होतं आणि फोटो निघतो. खोपडे यांच्या समित्या वस्तीपातळीवर होत्या, त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसं होती आणि त्या ताण नसतानाही भेटत होत्या. गटार, पाणी, नवरा-बायकोचं भांडण असे किरकोळ विषयही तिथे येऊ शकत होते. लोकांना एकमेकांची आणि पोलिसांना लोकांची सवय व्हायची ती अशाच बैठकांतून.

वार्ष्णेय यांनी भिवंडीची दखल घेतली आहे, आणि ती आपल्या सिद्धांताच्या बाजूने. जिथे सामायिक संघटना नव्हत्या तिथे त्या बांधता येतात, असा आशावादी निष्कर्ष ते काढतात. इथूनच माझे तीन आक्षेप सुरू होतात.

पहिला आक्षेप: कारण कोणतं आणि साधन कोणतं?

पुस्तकाचा सिद्धांत नागरी समाजाचा आहे. लोकांच्या स्वतःच्या संघटना शांतता राखतात, असं तो सांगतो. पण भिवंडीत संघटना कोणी बांधल्या? पोलिसांनी, म्हणजे राज्यसंस्थेने. मग १९९२ ची शांतता कशामुळे टिकली? दोन्ही समाज एकत्र बसत होते म्हणून, की पोलिसांनी दंगल होऊ द्यायची नाही असं ठरवलं होतं म्हणून?

हा प्रश्न पुस्तकी नाही. वार्ष्णेय यांच्याबरोबर दंगलींची सूची करणारे विल्किन्सन यांनीच २००४ मध्ये 'व्होट्स अँड व्हायलन्स' या पुस्तकात वेगळं उत्तर दिलं. सरकारला मतांच्या गणितात अल्पसंख्याकांची गरज असेल तर ते पोलिसांना दंगल थांबवायला लावतं, नसेल तर ढिलाई होते, असं त्यांचं म्हणणं. पॉल ब्रास यांनी २००३ मध्ये अलीगडवरच लिहिताना दंगल 'उत्पादित' होते, तिच्यामागे कायमची यंत्रणा असते, असं मांडलं. एकच सूची, एकच शहर, आणि उत्तरं तीन. तुम्ही यातलं कोणतं घेता यावर तुमच्या मुलाखती कोणाशी होतील हे ठरतं: व्यापारी संघाच्या सचिवाशी, निवृत्त फौजदाराशी, की वॉर्डातल्या कार्यकर्त्याशी.

माझं मत असं आहे की भिवंडी वार्ष्णेय यांचा सिद्धांत सिद्ध करत नाही, तो दुरुस्त करते. समित्यांनी काम केलं असेल, पण त्या समित्यांना पाठीमागे वर्दी होती. हे मान्य केलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: अधिकाऱ्याची बदली झाल्यावर काय? लोकांनी बांधलेली संघटना बदलीने मरत नाही. पोलिसांनी बांधलेली मरू शकते.

दुसरा आक्षेप: मोजपट्टी

जुलै २००६. भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामाच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण मेले, आणि नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. दोन समाजांची दंगल झाली नाही. संघर्ष झाला तो पोलीस आणि शहरातले मुस्लिम यांच्यात, म्हणजे ज्या वर्दीने शांततेची घडी बसवली होती ती वर्दीच एक पक्ष झाली.

वार्ष्णेय यांची सूची १९९५ ला थांबते. पण ती २००६ पर्यंत नेली असती, तरी तिच्या व्याख्येत ही घटना कशी बसवायची हा प्रश्न पडलाच असता. कारण तिथे शांतता म्हणजे हिंदू-मुस्लिम दंगलीचा अभाव. योहान गाल्टुंग यांनी १९६९ च्या गाजलेल्या निबंधात याच सवयीबद्दल सावध केलं होतं. थेट हिंसा नसणं ही नकारात्मक शांतता. रचनेत मुरलेली हिंसा नसणं, म्हणजे माणसाला त्याच्या जागेमुळे दाबून न टाकणारी व्यवस्था असणं, ही सकारात्मक शांतता. परीक्षेत आपण हे दोन व्याख्यांचं टिपण म्हणून लिहितो आणि पाच गुण घेतो. त्याचा खरा उपयोग मोजपट्टी तपासायला आहे.

खेड्यांचंच घ्या. चार टक्क्यांहून कमी मृत्यू, म्हणून खेडं शांत. पण त्याच २००६ च्या सप्टेंबरमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याआधी १९७८ मध्ये, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाल्यावर, मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. यातलं काहीच हिंदू-मुस्लिम सूचीत येणार नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण सूची त्यासाठी केलेलीच नव्हती. चूक होते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा आपण त्या सूचीवरून 'खेड्यात रोजचे संबंध शांततेला पुरतात' असं सरसकट वाक्य लिहितो. कोणत्या शांततेला? सगळ्यांनी आपापली पायरी सांभाळली तर टिकणारी जी शांतता, तिलाच आपण सलोखा म्हणत नाही ना?

गंमत अशी की वार्ष्णेय यांना जातीचं महत्त्व कळलेलं आहे. कालिकतमध्ये हिंदू-मुस्लिम प्रश्न पेटला नाही, याचं एक कारण ते असं देतात की केरळात राजकारणाचा मुख्य धागा जातीच्या अन्यायाविरुद्धचा लढा हा होता. पुण्यातल्या विद्यार्थ्याला इथे थांबावंच लागेल. सत्यशोधक समाज १८७३ मध्ये आपल्याच शहरात स्थापन झाला. जातीविरुद्धचा लढा महाराष्ट्रातही जुना आणि मोठा. मग तो धागा केरळात जसा चालला तसा इथे चालला का? नसेल तर का नाही? एक अख्खा प्रबंध या एका प्रश्नात आहे.

तिसरा आक्षेप: शांततेची किंमत कोण देतं?

२०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मुस्लिम संघटनांनी आपला जुलूस पुढे ढकलला, आणि सरकारने २९ सप्टेंबरची सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये दोन्ही सण पुन्हा जवळ आले, आणि मुंबईत जुलूस १८ सप्टेंबरला नेण्यात आला. दोन्ही वेळा संघटनांच्या समजूतदारपणाचं कौतुक झालं.

हे कौतुक रास्तच होतं. वार्ष्णेय यांच्या चौकटीतही हे उत्तम बसतं: संघटना होत्या, बोलणी झाली, ताण टळला. पण शांततेच्या संशोधकाने इथे एक प्रश्न जास्तीचा विचारायला हवा. माघार घेण्याची पाळी नेहमी एकाच बाजूवर येते का? येत असेल, तर त्या बाजूची माणसं ती कशी सांगतात? अभिमानाने, व्यवहार म्हणून, की इलाज नव्हता म्हणून? उत्तर काहीही निघू शकतं. विसर्जनाचा दिवस हलवता येत नाही, जुलूस हलवता येतो, एवढंच साधं कारण असू शकतं. पण विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि वार्ष्णेय यांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नाही. एकत्र जेवता का, हे तिथे आहे. वाद झाला तर नमतं कोण घेतं, हे नाही.

मग तुम्ही काय कराल?

पुस्तक बाजूला ठेवा असं मी म्हणत नाही. पद्धत घ्या, मोजपट्टी बदला, असं म्हणतोय. पुण्यात बसून हे कसं करता येईल, त्याचं एक उदाहरण देतो.

कोरेगाव भीमा पुणे जिल्ह्यातच आहे. १ जानेवारी २०१८ ला तिथे आणि आसपासच्या गावांत हिंसा झाली. न्या. जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यानंतर जयस्तंभाच्या अभिवादनाला दरवर्षी मोठा बंदोबस्त असतो आणि बातमीत आपलं ओळखीचं वाक्य येतं. या वाक्यावर संशोधन करायचं तर 'कोरेगाव भीमा : कारणे व उपाय' असा विषय घेऊ नका. त्यापेक्षा असं विचारा: १ जानेवारीची शांतता आणि २ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंतची शांतता एकच आहे का? एक बंदोबस्ताची असेल, तर दुसरी कशाची? गावातली सोसायटी, यात्रा कमिटी, भजनी मंडळ, क्रिकेटचा संघ, यांत कोण कोण आहे आणि २०१८ नंतर कोण येईनासं झालं? मग त्याच तालुक्यातलं एखादं गाव घ्या जिथे काही घडलं नाही, आणि तिथे हेच विचारा. झाली तुमची जोडी. अलीगड-कालिकतइतकी मोठी नसेल, पण एका विद्यार्थ्याला दोन वर्षांत झेपेल अशी आहे.

साधनांबद्दल दोन गोष्टी. वार्ष्णेय यांची सूची एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या मुंबई आवृत्तीवर उभी आहे. देशभरची तुलना करायची तर तो पर्याय समजण्यासारखा आहे. पण तालुक्यातली छोटी खटपट, मिटवलेलं भांडण, बहिष्काराची कुजबुज हे मुंबईच्या इंग्रजी पानापर्यंत पोचत नाही. तुम्हाला मराठी येतं, हा तुमचा फायदा आहे. जिल्हा आवृत्त्या वाचा. उर्दू वाचणारा मित्र असेल तर त्याला सोबत घ्या. दुसरी गोष्ट, सरकारी कागद हा निकाल समजू नका. मादन आयोगाने भिवंडीच्या दंगलीचा तपास करणाऱ्या पोलीस पथकावरच पक्षपाताचा ठपका ठेवला होता. म्हणजे त्या पथकाच्या कागदांवरून कोणी इतिहास लिहिला असता, तर पक्षपात जसाच्या तसा प्रबंधात उतरला असता.

आणि एक इशारा. शांततेवरच्या मुलाखती हिंसेवरच्या मुलाखतींपेक्षा सोप्या असतात, असा समज आहे. तसं नाही. 'आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही, सगळे गुण्यागोविंदाने राहतात' हे वाक्य तुम्हाला पहिल्या दिवशी दहा वेळा ऐकू येईल. ते खोटं असतं असं नाही. बऱ्याचदा ते सांगणाऱ्याचं कवच असतं. त्याला उद्या त्याच गावात राहायचं आहे, तुम्हाला नाही. म्हणून नावं बदलणं पुरेसं नाही. गावात चारच घरं ज्या समाजाची आहेत, तिथे नाव बदलूनही माणूस ओळखू येतो. कोर्टात प्रकरणं चालू असतील तर तुमची वहीदेखील कोणाला तरी अडचणीत आणू शकते. काय लिहायचं नाही, हे क्षेत्रकार्याला निघण्याआधी मार्गदर्शकांशी बसून ठरवा.

वार्ष्णेय यांचं पुस्तक वीस वर्षांहून जुनं झालं, त्यावर टीकाही भरपूर झाली. तरी मी ते पहिल्या सहामाहीतच वाचा म्हणेन, कारण 'दंगल का झाली' याच्या जोडीला 'दंगल का झाली नाही' हा प्रश्न लावल्याशिवाय शांततेचा अभ्यास सुरूच होत नाही. फक्त वाचताना समोर एक कोरा कागद ठेवा. पुस्तकात जिथे जिथे शांत शहर असा उल्लेख येईल, तिथे तिथे तीन प्रश्न लिहीत चला: ही शांतता कोणी राखली, कोणासाठी राखली, आणि त्यासाठी कोणी काय सोडलं? ज्या पानावर या तिन्हींची उत्तरं पुस्तकात सापडणार नाहीत, तिथे बहुधा तुमचा विषय असेल.